शेपटी टेकलेली गाय

साठच्या दशकात मी दुबईत जाहिरातींची चित्रं काढायचो, हे माझ्या नातवाला पटत नाही. तो रोज कंपनीच्या बसने जबल अलीला जातो. "नाना, देअर वॉज ओन्ली सँड! जाहिरात कोणाला दाखवत होता, उंटांना?" असं विचारतो. वाळू होती हे खरंच. पण खाडीही होती, खाडीत लाँची होत्या, आणि लाँचीतून उतरणाऱ्या प्रत्येक डब्यावर, खोक्यावर कसला ना कसला कागद चिकटवलेला होता. तो कागद कोणीतरी आधी हाताने काढलेला असतो, एवढं लोकांच्या ध्यानात येत नाही.

मी दाऊद, बाणकोटकडचा. घराण्यात सगळे दर्यावर्दी. मी एकटाच ब्रश धरणारा निघालो. मुंबईत फोर्टमधल्या एका स्टुडिओत काम शिकलो. तिथल्या मोठ्या आर्टिस्टकडे युरोपातली जाहिरातकलेची मासिकं यायची. स्वित्झर्लंड, डेन्मार्क, हॉलंडची पोस्टरं त्यात असत. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, चित्र अर्धवटच राहिलंय. एका मोठ्या पांढऱ्या कागदावर फक्त एक बूट. कोपऱ्यात बारीक, साध्या, टोकांना नक्षी नसलेल्या अक्षरांत कंपनीचं नाव. बस. आमच्याकडे तेव्हा बुटाच्या जाहिरातीत बूट, बाई, बंगला, मोटार आणि उगवता सूर्य एवढं सगळं लागायचं. पण तो एकटा बूट माझ्या डोक्यातून जाईना. हळूहळू कळलं की तो रिकामा भागसुद्धा कोणीतरी विचार करून ठेवलेला आहे.

दुबईला मला जेठाभाई शेठनी बोलावलं. कच्छी माणूस, कापडाचा जुना व्यापार, आणि त्याच्याच माडीवर "ॲडव्हर्टायझिंग स्टुडिओ" म्हणून एक खोली. खोलीत आम्ही दोघं. मी चित्रं आणि इंग्रजी अक्षरं करायचो. अरबी अक्षरं अब्बास लिहायचा. तो समुद्रापलीकडच्या, इराणातल्या लिंगेचा, उत्तम खत्तात, म्हणजे सुलेखन करणारा. त्याचा कोणावर विश्वास नव्हता. स्वतःची बोरूची कलमं तो घरी घेऊन जायचा. शेठचाही आमच्यावर विश्वास नव्हता. मी बाहेरची कामं करतो असा त्यांना संशय, म्हणून निघताना माझा ड्रॉवर उघडून बघायचे. आणि खरं सांगायचं तर माझाही त्या दोघांवर नव्हता. तिघांचं बरं चाललं होतं.

गिऱ्हाइकांची तऱ्हा तीच. एका घड्याळवाल्यासाठी मी पोस्टर केलं होतं. काळ्या रंगावर एकच मनगटी घड्याळ, बाकी कोरं. मनातून मी खूश होतो. त्याने ते उलटं करून पाहिलं, मग मागची बाजू पाहिली.

"बाकी का हिस्सा किधर है?" त्याने विचारलं.

"बाकी काही नाही साहेब. यही डिझाइन है."

"पूरा कागज मेरा, और तुम ने कोने में काम किया?" त्याला वाटलं आम्ही काम चोरलं. शेवटी त्या काळ्या जागेत त्याचे वडील आले, दुकानाचा दरवाजा आला, विमान आलं. पोस्टर लागलं तेव्हा घड्याळ शोधावं लागत होतं.

अशा वेळी मुरादसाहेब आमच्या माडीवर आला.

हा माणूस कुठला ते मला कधीच कळलं नाही. माझ्याशी मुंबईची हिंदी बोलला, अब्बासशी फारसी, शेठशी गुजराती. त्याने पिशवीतून एक डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचा डबा, डेन्मार्कचा.

तो डबा मी बाजारात पाहिलेला होता. पाहिलेला म्हणजे काय, दुकानासमोर उभा राहून न्याहाळलेला होता. पांढऱ्या कागदावर एक लाल गाय, खाली हिरवी पट्टी, वर निळी अक्षरं. गाईला बाह्यरेषा नव्हती, नुसता सपाट लाल आकार. तिचा डोळा रंगवलेलाच नव्हता. तेवढा कागद कोरा सोडला होता, आणि तरी ती तुमच्याकडे बघायची. सगळ्यात मजा खुरांची. छपाईत प्रत्येक रंग वेगळा छापतात. आधी लाल, मग त्यावर हिरवा, मग निळा. त्यासाठी आर्टिस्टला प्रत्येक रंगाचं वेगळं चित्र काळ्या शाईत करून द्यावं लागतं. या गाईचे लाल पाय हिरव्या पट्टीत थोडे उतरवले होते. तिथे लालवर हिरवा चढला की आपोआप तपकिरी खूर तयार. तीन शायांत चौथा रंग फुकट! हे ज्याने केलं त्याला मी मनातल्या मनात उस्ताद म्हणायचो.

"हे लेबल जसंच्या तसं पाहिजे," मुराद म्हणाला. "माझा माल जहाजातून पडावात उतरवताना समुद्राचं पाणी लागलं. डबे चांगले आहेत, लेबलं गेली."

यात अशक्य काही नव्हतं. तेव्हा मोठी जहाजं बाहेर समुद्रात उभी राहत, माल लहान पडावांतून खाडीत येई, आणि भिजायचाही. तरी मला कसंतरीच वाटलं.

"कंपनीकडून नवीन लेबलं नाही मागवली?" मी विचारलं.

"मागवली. यायला वेळ लागेल. माल उन्हात पडलाय."

"हा डबा तर कोरडा आहे."

"वरच्या थरातला आहे."

"भिजलेला एखादा बघायला मिळेल का?"

"कल, इन्शाल्ला."

प्रत्येक सवालाला जबाब तयार होता. खऱ्या नुकसानीतला माणूस चिडतो, अडखळतो, नशिबाला शिव्या देतो. हा हसत होता. तो गेल्यावर मी शेठना म्हटलं, "शेठ, डबे बघितल्याशिवाय हे काम घेऊ नका."

"दाऊद," शेठ म्हणाले, "आपण कागद रंगवतो. डब्यात काय ते डबावाला जाणे."

अब्बास मान वर न करता म्हणाला, "मुराद की फारसी बहुत मीठी है. मुझे पसंद नहीं आई."

तो "कल" कधी आला नाही. मी रोज डबे मागायचो, मुराद रोज इन्शाल्ला म्हणायचा, आणि शेठ लेबलाची घाई करायचे. माझा व्हिसा शेठच्या शब्दावर होता. मी कामाला बसलो. मनगटाखाली फडकं ठेवायचं, नाहीतर घामाने कागद फुगे. ओल्या शाईवर वाळू बसू नये म्हणून खिडकी बंद. पंखा लावला तर ब्रशातच रंग वाळे. त्या गरमीत ती गाय काढताना मला दोन गोष्टी एकदम होत होत्या. हात सुखात होता आणि मन धास्तावलेलं. इतकी साधी गाय, पण कानाची वळणरेषा केसाएवढी हलली तर तिचं कुत्रं होत होतं.

शेवटी मी एक गोष्ट केली. मूळ गाईची शेपटी हिरव्या पट्टीच्या किंचित वर संपत होती. माझ्या गाईची शेपटी मी खाली टेकवली. म्हणजे छापल्यावर टोकाशी लालवर हिरवा चढणार आणि एक तपकिरी ठिपका उमटणार. बघणाऱ्याला काहीच वाटणार नाही. पण उद्या काही भानगड झाली तर कुठला डबा आमच्या लेबलाचा, ते मला ओळखता येईल. मुरादने काम पाहिलं, मूळ डब्याशेजारी धरलं आणि म्हणाला, "माशाल्ला, जुळं झालं." शेपटीकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

शेठ रंगीत छपाई मुंबईला करून घेत. लेबलं बोटीने आली, मुराद घेऊन गेला. मग मला एक खोडच लागली. बाजारातून जाताना मी दुकानातल्या फळ्यांकडे बघायचो. गाय दिसली की शेपटी. वर असली की जीव भांड्यात पडायचा. काही दिवसांनी देरा भागातल्या एका दुकानात टेकलेली शेपटी दिसली. मग दुसऱ्यात. दुकानदार मला विचारू लागले, "घेणार आहेस की नुसता बघणार?" घेतला असता, पण उघडून तरी मला काय कळणार होतं? बिनलग्नाचा माणूस, दुधाची पावडर कशी असते तेही ठाऊक नव्हतं.

जेवायला मी चुलतभावाकडे, रशीदकडे जायचो. तेव्हा फार थोड्या कोकणी लोकांनी बायका तिकडे आणल्या होत्या. रशीदने आणली होती. हलीमाभाभी मूळची म्हसळ्याची. तिला तिथेच मुलगा झाला होता आणि अंगावरचं दूध पुरत नव्हतं. एका दुपारी मी जेवायला बसलो आणि समोरच्या फळीवर गाय. शेपटी टेकलेली.

मी घास ताटात ठेवला. "भाभी, हा डबा कधीपासून?"

"हा दुसरा. का वो?"

"बाळ कसंय?"

"रडतं नुसतं. पितं तितकं पितं आणि परत रडतं. अंगाला कायच लागत नाय." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमी असं का विचारता, दाऊदभाय?"

"हे दूध देऊ नका. त्या गाईची शेपटी बघा."

भाभीने डबा हातात घेतला, गाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शेपटी बघून दूध खराब सांगता? उन्हात चालत आलात काय?"

तिचं काय चुकलं? मी तिला सगळं सांगितलं, लेबल माझ्याच हातचं आहे तेही. तिने लगेच बाळाला उचललं, डबा ओढणीखाली घेतला आणि म्हणाली, "चला दवाखान्यात."

डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. मग त्यांनी पावडर पाण्यात कालवली, वर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. पाणी बघता बघता काळंनिळं झालं.

"यात पीठ आहे," बाई म्हणाल्या. "दूध आहे थोडं. बाकी मैदा असावा. मूल भुकेने रडतंय."

रस्त्याने परतताना भाभी एवढंच म्हणाली, "तुमी शेपटी खाली करून गप बसलात. मला काय म्हायती शेपटीचं?"

मी शेठकडे गेलो. शेठनी ऐकलं आणि दार लावून घेतलं. "आता तोंड उघडलंस तर पहिला तू आत जाशील. तुझ्या हातचं काम आहे. मग मी. चूप बैठ, मी मुरादशी बोलतो." हे धमकी म्हणून होतं की काळजी म्हणून, मी ठरवू शकलो नाही.

त्याच सुमारास बाजारात एका उंच गोऱ्याची चर्चा होती. तो दुकानांत शिरायचा, काही विकत न घेता फळ्यांचे फोटो काढायचा आणि निघून जायचा. कोणी म्हणे तेल कंपनीचा आहे, कोणी म्हणे इंग्रज सरकारचा. सोन्याच्या धंद्यातले लोक म्हणत, मुंबईच्या कस्टमने गोरा पाठवलाय. मला एकट्याला पक्कं ठाऊक होतं की तो माझ्यासाठी आलाय.

दवाखान्याच्या दुसऱ्याच दिवशी तो आमचा जिना चढून वर आला. नाव सांगितलं हेन्रिक. पिशवीतून दोन डबे काढले आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"यातली एक गाय मी काढलेली आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "दुसरी कोणाची?"

शेठ पुढे झाले. "साहेब, काऊ इज काऊ."

हेन्रिक हसला नाही. तो माझ्या बोटांवरचे शाईचे डाग बघत होता. "बाजारात चौकशी केली. गावात असं काम करणारा एकच हात आहे म्हणतात. कान बरोबर आहे. मला स्वतःला तो कान फार उशिरा जमला. ज्याला हा कान जमतो, तो शेपटीत चुकणार नाही. मग शेपटी खाली का?"

स्तुती करून कबुली काढायची ही पोलिसांची रीत असते, असं मनात आलं. मी विचारलं, "कंपनीने तुम्हाला मला पकडायला पाठवलंय का?"

"कंपनीने मला डबे बघायला पाठवलं. इथल्या उजेडात रंग कसे दिसतात, दुकानदार डबा कुठे ठेवतात, हे बघून नवीन डिझाइन करायचं होतं. मी आर्टिस्ट आहे, तुमच्यासारखा. शेपटी मला काल दिसली."

शेठ त्याच्या पाठीमागून मला हाताने नको नको करत होते. अब्बासचं कलम थांबलं होतं. कोणावरही विश्वास न ठेवणारा तो माणूस म्हणाला, "बोल दे, दाऊद. बच्चे की बात है. खलास."

मी बोललो. बाळ, आयोडीन, मुराद, शेपटी मुद्दाम टेकवली, सगळं. हेन्रिक खाली बसला. त्याने लिहून घेतलं नाही, मला दोषही दिला नाही. "गोदाम कुठे आहे माहीत आहे?" एवढंच विचारलं. अब्बासला ते ठाऊक होतं.

आम्ही बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत गेलो. अब्बास अरबी बोलायला बरोबर आला. "तुम्ही पुढे व्हा, मी दुकान बंद करून येतो," शेठ म्हणाले. बलदियाचा अधिकारी शांत माणूस होता. त्याने दोन्ही डबे पाहिले, डॉक्टरीणबाईंकडे माणूस पाठवला, आणि मग आम्हाला घेऊन गोदामाकडे निघाला. पोचलो तर कुलूप उघडं लटकत होतं. मुराद नव्हता. त्याची लाँच खाडीतून नुकतीच गेली असं हमाल म्हणाले.

त्याला कोणी कळवलं? शेठ आमच्या बऱ्याच मागून, घाम पुसत आले होते. त्यांनी मला विचारलं, "तूने तो नहीं बताया उसको?" मी तोच सवाल त्यांना विचारणार होतो. इतकी वर्षं झाली, शेठ वारलेसुद्धा. मला अजून सांगता येत नाही.

गोदामात एका बाजूला खरोखरच समुद्राच्या पाण्याने लेबलं फुगलेल्या डब्यांची रास होती. झाकणं पक्की, आत चांगलं दूध. म्हणजे मुरादची गोष्ट खरी होती. आणि दुसऱ्या बाजूला मैद्याची पोती, घरोघरचे रिकामे डबे, नरसाळी आणि झाकणं कथलाने झाळून बंद करायचं सामान. म्हणजे ती खोटीही होती. मधे माझ्या लेबलाचे डबे रचून तयार.

अधिकाऱ्याने अब्बासकरवी मला विचारलं, "तुझी खूण खोट्या डब्यांवर आहे ना? मग ते वेगळे काढ."

आणि तेव्हा माझ्या हुशारीचं काय झालं ते मला कळलं. भिजलेल्या खऱ्या डब्यांपैकी बरेच सोलून मुरादने त्यांनाही माझंच लेबल लावलं होतं. शेपटी सगळ्यांचीच टेकलेली.

"सगळ्यांवर आहे," मी म्हटलं.

एकेक डबा फोडून तपासणं शक्य नव्हतं. दुकानांतून टेकल्या शेपटीचा माल परत आणला आणि गावाबाहेर खड्डा खणून सगळा पुरला. चांगला, वाईट एकत्र. बघायला आलेल्यांत लहान मुलांचे बापही होते. "इतकं दूध वाळूत घालता?" असं एकजण म्हणाला.

जाण्याच्या आदल्या दिवशी हेन्रिक माझ्याबरोबर खाडीकाठी चहा प्यायला बसला. तो म्हणाला, "सुरुवातीला त्या गाईला शिंगं होती. गळ्यात घंटा होती. मागे डोंगर, पुढे बादली घेतलेली मुलगी. मी एकेक काढत गेलो. त्यात एक हिवाळा गेला. काढण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा थांबलो."

"आणि मला नक्कल करायला सोपं झालं," मी म्हटलं.

"कंपनीही हेच म्हणणार." त्याने कप खाली ठेवला. "आता ते मला सगळं परत घालायला सांगतील."

शेठनी मला कामावरून काढलं नाही, पण लेबलांचं काम पुन्हा दिलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवायला लावलं. पुढे मी दुसरीकडे गेलो. अब्बास मात्र तेव्हापासून आपली कलमं टेबलावरच ठेवून घरी जायला लागला. दोस्तीची यापेक्षा मोठी निशाणी त्याच्याकडून मला कधी मिळाली नाही.

बऱ्याच महिन्यांनी नवा डबा बाजारात आला. मी हातात घेऊन पाहिला. गाईला शिंगं होती, घंटा होती. डोंगर, मुलगी, बादली. भोवती नोटेवर असते तशी बारीक जाळीची किनार, तीन सोनेरी पदकं आणि खाली वळणदार सही. गाईचा डोळा व्यवस्थित काळा रंगवला होता आणि ती कुठेच बघत नव्हती. काम सफाईचं होतं. ते करताना हेन्रिकला काय वाटलं असेल, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि नक्कल करणं कठीण होतं, हेही खरं.

एक डबा मी विकत घेऊन रशीदकडे गेलो. बाळ आता गुटगुटीत झालं होतं, रांगत अंगणभर फिरत होतं. भाभीने त्या दिवसानंतर मला जेवायला वाढणं बंद केलं नव्हतं, पण पूर्वीसारखं बोलतही नव्हती. मी डबा पुढे केला. "भाभी, हा नवीन निघालाय. याची नक्कल होणार नाही. मी पूर्ण तपासलाय."

तिने डबा फिरवून पाहिला. पदकं पाहिली, सही पाहिली, बादलीवाली मुलगी पाहिली. "झाक हाय," म्हणाली आणि परत माझ्या हातात दिला. मग अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे खजुरीच्या झावळ्यांच्या सावलीत एक काळी शेळी बांधलेली होती. रशीदने वाळवंटातल्या बदूंकडून आणली होती.

"तिच्यावर कोण कागद चिकटवत नाय, दाऊदभाय," भाभी म्हणाली. "बसा. चा ठेवते."